दुसऱ्याचं पत्र वाचू नये

दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे मला आईनं पाठीत धपाटा घालून शिकवलं. मी सात-आठ वर्षांची असेन. शेजारच्या काकूंचं पोस्टकार्ड चुकून आमच्याकडे आलं होतं. ते नेऊन द्यायला मला धाडलं, आणि मी जिन्यातच वाचून काढलं. तेवढंच केलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण कार्ड काकूंच्या हातात ठेवता ठेवता मी "तुमच्या भावाला नोकरी लागली" असंही सांगून टाकलं. काकू हसल्या. आई हसली नाही.

आज माझ्या कपाटात परक्या माणसांची अकराशेच्या वर कार्डं आहेत. सगळी वाचलेली, काही तर तोंडपाठ. नवरा म्हणतो, "एवढ्या मन लावून कधी आपल्या नातेवाइकांचे मेसेज वाचत जा." त्याचं चुकतं असं नाही. पण आपले नातेवाईक "शुभ सकाळ"च्या पुढे जात नाहीत, त्याला मी काय करू?

माझं काम मुद्रितशोधनाचं. तीस वर्षं लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ पाहून डोळे अधू झाले, पण छापलेलं किंवा लिहिलेलं काहीही समोर आलं की नजर आधी अक्षरावर जाते. तरी या नादाला मी लागले ती चित्रापायी. एका ऑनलाइन लिलावात दीपगृहाचं रंगीत कार्ड दिसलं. आकाश पिवळं, समुद्र हिरवा, दोन्ही रंग खोटे आणि म्हणूनच सुंदर. ते सुटं मिळेना. चाळीस कार्डांच्या गठ्ठ्यासकट घ्यावं लागलं. गठ्ठा आला, दीपगृह पाहून झालं, आणि मग सहज म्हणून खालचं एक कळकट कार्ड उलटलं. १९०८चा शिक्का. पेन्सिलीनं, इंग्रजीत, घाईघाईत लिहिलेलं. मराठीत सांगायचं तर असं: पोचले. ट्रंक नाही पोचली. तुझी निळी टोपी मीच आणली आहे, घरभर शोधत बसू नकोस.

झालं. दीपगृह कुठल्या अल्बमात गेलं तेही आता आठवत नाही. कार्ड हाती पडेपर्यंत कुणीतरी घरभर टोपी शोधत होतं, आणि ती टोपी निळी होती, हे मात्र विसरता येत नाही.

या छंदाच्या बाजारात माझ्यासारखीला फारसा मान नाही. जुन्या चित्र-पोस्टकार्डांचा अभ्यास आणि संग्रह याला डेल्टिऑलॉजी असं भारदस्त नाव आहे, आणि त्यात चित्र म्हणजे राजा. कोणतं गाव, कोणता रस्ता, रस्त्यावर ट्राम आहे का, दुकानाची पाटी वाचता येते का, चित्रकार कोण, छापखाना कोणता. पाठ कोरी असेल तर उत्तम. लिहिलेली असली तर विक्रेते वर्णनात "मागे लिहिलेलं" असं अशा सुरात नोंदवतात, जसं "कोपरा दुमडलेला" किंवा "डाग आहे". मला हे सोयीचंच आहे. ज्यांना चित्र हवं ते कोऱ्या कार्डांवर तुटून पडतात, आणि मी लिहिलेली, मळलेली, कोपरे झिजलेली गोळा करते.

कार्ड ही मुळात उघडी चीज, हे लक्षात आल्याशिवाय त्यावरचा मजकूर नीट वाचताच येत नाही. १८६५ साली जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या टपाल परिषदेत हाइनरिश फॉन स्टेफान या टपाल अधिकाऱ्यांनी लिफाफ्याविना पाठवायच्या टपाल-पानाची कल्पना मांडली, तेव्हा ती मान्य झाली नाही. पुढे एमानुएल हेरमान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानं जानेवारी १८६९मध्ये व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात लेख लिहून तोच मुद्दा हिशेबाच्या भाषेत पटवला: चार ओळींच्या निरोपासाठी कागद, लिफाफा, मायना आणि शेवटचे नमस्कार हा सगळा खटाटोप कशाला? "पत्रास कारण की" लिहिण्यात ज्यांचं अर्धं पान खर्ची पडतं त्या आपल्या लोकांना हा मुद्दा कळायला हरकत नाही. १ ऑक्टोबर १८६९ला ऑस्ट्रिया-हंगेरीत पहिलं पोस्टकार्ड निघालं. बरोबर वर्षानं, १ ऑक्टोबर १८७०ला ब्रिटनमध्ये. अमेरिकेत १८७३ला, हिंदुस्थानात १८७९ला. त्या पहिल्या ऑस्ट्रियन कार्डावर एक सूचना छापलेली होती: मजकुराची कसलीही जबाबदारी टपालखात्यावर नाही. मला ही सूचना फार आवडते. म्हणजे, तुम्ही एकमेकांना काय वाटेल ते लिहा, आम्ही वाचणारच आहोत, पण आम्ही त्यातले नव्हेत.

आणि लोकांनी वाचलंच. पोस्टमननं, घरमालकिणीनं, शेजारणीनं, जिन्यातल्या माझ्यासारख्या कार्टीनं. लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक होतं. त्यामुळे कार्डावर जे असतं ते चारचौघांत बोलण्यासारखं असतं, आणि जे बोलण्यासारखं नसतं ते कडेकडेनं सरकत राहतं. मला त्या कडा वाचायची सवय लागली.

सुरुवातीची चित्रकार्डं तर कडांचीच असतात. कार्डाची एक बाजू फक्त पत्त्यासाठी, तिथे दुसरं अक्षर लिहायचं नाही, असा तेव्हा नियम. म्हणून मजकूर चित्राच्या बाजूला: आकाशात, समुद्रात, चर्चच्या छपरावर. माझ्याकडे १८९९चं एक जर्मन कार्ड आहे, त्यात बाईंनी डोंगराच्या उतारावरून लिहायला सुरुवात केली, जागा संपली तशी कार्ड फिरवून उभ्या ओळी घातल्या, आणि शेवटचा "सगळ्यांना नमस्कार" तळ्यातल्या होडीखाली कोंबला. अक्षर जुन्या जर्मन वळणाचं. त्याला कुरेंट म्हणतात. जर्मन शिकलेल्या माझ्या भाच्यालाही ते तीन रविवार खाऊन गेलं. शेवटी निघालं काय, तर दाढ दुखते आहे आणि हवा छान आहे. भाचा चिडला. मी खूश. डोंगर, तळं, होडी सगळं बघूनही जिला दाढच आठवते, ती बाई खरी.

पाठीमागे मध्ये रेघ मारून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता ही सोय ब्रिटनमध्ये १९०२ला आली. मग फ्रान्स १९०४, जर्मनी १९०५, अमेरिका १ मार्च १९०७. माझ्यासारख्यांना ही सनावळी मुखोद्गत असते, कारण शिक्का पुसट असला की रेघेवरून निदान "याच्या आधीचं नाही" एवढं म्हणता येतं. तसाच दुसरा खुंटा म्हणजे ब्रिटिश कार्डाचं अर्ध्या पेनीचं तिकीट. ३ जून १९१८पासून देशातल्या कार्डाला एक पेनी लागू लागली. त्यामुळे एकच अर्धी पेनी असेल तर कार्ड बहुधा त्याआधीचं.

अर्थात तिकीट जागेवर असेल तर. इथे मला तिकीट जमवणाऱ्यांशी एकदाचं भांडून घ्यायचं आहे. बाबांनो, तुम्ही कार्डाचा कोपरा कात्रीनं कापून नेता, तेव्हा तिकिटाबरोबर शिक्का जातो, शिक्क्याबरोबर तारीख आणि वेळ जाते, आणि पलीकडच्या चित्रातलं घराचं अर्धं छप्परही जातं. माझ्या संग्रहात अशी साठेक लंगडी कार्डं आहेत. तुमच्या अल्बमात ते हिरवं तिकीट शेकड्यातलं एक होऊन बसलं असेल. असो.

वेळ गेली याचं दुःख जास्त. त्या काळच्या इंग्लंडच्या शहरांत टपाल दिवसातून कितीतरी वेळा वाटलं जायचं, आणि शिक्क्यावर तारखेबरोबर वेळही असायची. माझ्याकडचं एक कार्ड सकाळी साडेनऊच्या शिक्क्याचं आहे. मजकूर: दुपारी सव्वाचारच्या गाडीनं येतो, छत्री घेऊन स्टेशनवर ये. आज आपण "निघालो" असं टाइप करून पाठवतो, त्याच विश्वासानं त्या माणसानं हे कार्ड पेटीत टाकलं होतं. छत्री आली की नाही ते कळायला मार्ग नाही. शाई एका जागी फुटली आहे, तो थेंब सकाळचा की दुपारचा, यावर मी एकदा बराच वेळ घालवला होता.

सगळ्यांत जास्त वेळा काय लिहिलेलं असतं म्हणाल, तर माफी. पत्र लिहायला जमलं नाही, लवकरच सविस्तर लिहिते, हे कार्ड तोवर. त्या खालोखाल: हे तुझ्या संग्रहासाठी. हो, तेव्हाही जमवणारे होतेच, आणि आमच्यापेक्षा वरताण. कार्डं छापणाऱ्या लंडनच्या राफेल टक कंपनीनं आपली टपालातून आलेली कार्डं कोण जास्त जमवतो याची स्पर्धाच लावली होती. १९००च्या सुमाराला तिच्या विजेत्या बाईंकडे वीस हजारांवर कार्डं निघाली. अमेरिकेत ३० जून १९०८ला संपलेल्या वर्षात टपालखात्यानं जवळजवळ ६८ कोटी कार्डं वाहिली. देशाची लोकसंख्या तेव्हा नऊ कोटीसुद्धा नव्हती. म्हणजे तान्ह्या बाळांसकट प्रत्येकामागे सात-आठ. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी माझ्या अकराशे कार्डांकडे पाहिलं आणि जरा गप्प बसले.

लपवायचं असेल ते लोक कसं लपवत, हा स्वतंत्र प्रांत. लघुलिपी, उलटी अक्षरं, आकड्यांची भाषा. तिकीट तिरकं लावलं की अमुक अर्थ, उलटं लावलं की तमुक, असे तक्ते दाखवणारी कार्डंही छापली जायची. त्या तक्त्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. दोन कंपन्यांच्या तक्त्यांत एकाच तिरकेपणाचे दोन अर्थ सापडतात. शिवाय घाईत तिकीट चिकटवणारी माणसं जगात प्रेमिकांपेक्षा जास्त. आरशातली अक्षरं मात्र मी मोठ्या उत्सुकतेनं वाचली होती. रात्री अकराला न्हाणीघराच्या आरशासमोर कार्ड धरून उभी. डावीकडून उजवीकडे फिरवून फिरवून सहा ओळी लागल्या. काय होतं? माझ्या बहिणीला हे वाचता येणार नाही, तिला किती राग येईल! बस. गुपित काही नव्हतंच, बहिणीला चिडवायचं होतं. मी आरशात स्वतःकडे पाहिलं तर हसत होते.

चित्र आणि मजकूर यांचं एकमेकांशी पटत नाही, तेही मला आवडतं. पूर आला, आग लागली, गाडी रुळांवरून घसरली, की गावातले फोटोग्राफर त्याची खऱ्या फोटोची कार्डं काढून लगेच विकायला ठेवत. अमेरिकेत तर १९०३पासून कोडॅकचा कार्डाच्या आकाराची निगेटिव्ह देणारा कॅमेराच मिळू लागला. माझ्याकडच्या एका कार्डात पुलाचा सांगाडा नदीत पडला आहे आणि काठावर टोप्या घातलेले पुरुष ओळीनं उभे आहेत. मागे काय, तर लोकर मिळाली, रंग जरा गडद आहे, तरी चालेल. पुलाचं नावही नाही. दुसऱ्या एका कार्डात मोठ्या हॉटेलची शंभर खिडक्यांची दर्शनी बाजू आहे आणि तिसऱ्या मजल्यावर शाईची फुली: ही माझी खोली. भिंगातून पाहिलं तर फुली खिडकीवर नाही, दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर पडली आहे. मुद्रितशोधकाला असं काही दिसलं की लाल पेन हातात घ्यावंसं वाटतं.

ब्रिटिश सैन्याची पहिल्या महायुद्धातली छापील कार्डं मी फार काळ घेतलीच नाहीत. त्यावर मजकूर लिहायचाच नसतो, मग माझ्या काय कामाचं, असं वाटे. एकदा एका गठ्ठ्यातून एक आलं. पिवळट, पातळ. वर इशारा: तारीख आणि सही सोडून काहीही लिहू नये, नको ती वाक्यं खोडावीत, आणखी काही लिहिल्यास कार्ड नष्ट केलं जाईल. खाली तयार वाक्यं. मी अगदी बरा आहे. मला इस्पितळात दाखल केलं आहे, त्यात दोन पर्याय, आजारी किंवा जखमी. मला तळावर पाठवत आहेत. तुझं पत्र, तार, पार्सल मिळालं. संधी मिळताच पत्र लिहितो. तुझ्याकडून हल्ली, किंवा बऱ्याच दिवसांत, पत्र नाही.

या शिपायानं सगळं खोडलं आहे. रेघा पट्टीनं मारल्यासारख्या सरळ. दोनच वाक्यं ठेवली आहेत: अगदी बरा आहे, आणि बऱ्याच दिवसांत तुझ्याकडून पत्र नाही. त्यातलं "हल्ली" एका रेघेनं खोडलं आहे, पण ती रेघ इतर रेघांपेक्षा जाड आहे. पेन्सिल दोनदा फिरली आहे. मागून बोट फिरवलं तर तेवढ्याच जागी कागद उचललेला लागतो. लिहायला मनाई होती, खोडायला नव्हती. त्यानं खोडून लिहिलं.

ते कार्ड मी वेगळं ठेवलं आहे. तसली कार्डं आता सोडत नाही.

आता माझी एक चूक. पहिल्याच वर्षी एक कार्ड आलं, त्यावर बोटाच्या ठशासारखा काळा डाग. मी शहाणी. कापसाचा बोळा किंचित ओला करून अलगद टिपायला गेले. डाग तसाच राहिला, आणि त्याच्या शेजारची राखाडी पेन्सिलीची ओळ डोळ्यांदेखत जांभळी झाली. गर्द, भडक जांभळी. मग पसरली. ती साधी पेन्सिल नव्हतीच. तेव्हा कॉपिंग पेन्सिल नावाचा प्रकार असे. शिशात रंग मिसळलेला, कोरडी असताना राखाडी, पाणी लागलं की जांभळी शाई. पुसून टाकता येऊ नये म्हणून लोक ती वापरत, आणि मी ती शंभर वर्षांनी पुसली. वाक्य होतं, "आता ती अमुक वारी येते आहे". तो वार गेला. सोमवार की बुधवार, कुणास ठाऊक. कोण येणार होती हेही ठाऊक नाही, तरी तिचा वार माझ्या हातून गेला याची टोचणी अजून आहे. तेव्हापासून कार्डाला पाणी नाही, खोडरबर नाही, गोंद नाही. पीव्हीसीचे पाऊच नाहीत, ते कालांतरानं चिकट होतात. पॉलिएस्टरचे साधे पाऊच, आणि माझा नंबर पाठीवर मऊ पेन्सिलीनं, अगदी हलका.

बाकी सगळी कार्डं गेली तरी चालेल पण ही जाऊ नयेत, अशी तेवीस कार्डं माझ्याकडे आहेत. एकाच बाईला एकाच बाईनं लिहिलेली, इंग्लंडातली, १९०६ ते १९११. एकाच गठ्ठ्यात आली नाहीत. चौदा आधी आली, मग त्याच विक्रेत्याकडून दीड वर्षात सात, आणि दोन भलतीकडून, केवळ अक्षर ओळखलं म्हणून. तो "टी"चा दांडा मी झोपेतही ओळखीन. रागानं मारल्यासारखा लांब, आणि पुढच्या दोन अक्षरांवर छप्पर धरणारा.

दोघी बहिणी. नावं सांगणार नाही. आईचा धपाटा तेवढा तरी पाळते. लिहिणारी थोरली. तसं कुठे म्हटलेलं नाही, पण पायमोजे बदलत जा, रात्री खिडकी उघडी टाकू नकोस, मिळालेले पैसे सगळे खर्चू नकोस, हे ज्या सुरात येतं तो सूर धाकटीचा असूच शकत नाही. धाकटी घरकामाला होती. त्या काळी इंग्लंडात नोकरी करणाऱ्या बायकांत सर्वांत जास्त बायका याच कामात होत्या. तिचा पत्ता नेहमी दुसऱ्याच्या घराचा. आधी नुसतं नाव असलेला मोठा बंगला, नंबर नाही, रस्ता नाही, म्हणजे गावात सगळ्यांना माहीत असणारा. दोन वर्षांनी एका डॉक्टरचं घर. मग समुद्राकाठच्या गावातलं, बहुतेक भाड्यानं खोल्या देणारं. उजवीकडच्या चार ओळी एवढं सांगतात, आणि डावीकडे कोंबड्या, चिमणी साफ करणारा माणूस, भावाचे बूट.

भावाच्या बुटांचा विषय पाच वर्षं चालतो. घट्ट झाले. शिवायला टाकले. शिवले पण पाणी शिरतं. नवे घेतले, मोठे घेतले, कागद कोंबून घालतो.

सतराव्या कार्डापर्यंत धाकटीच्या नावामागे मिस आहे. अठराव्यावर मिसेस, वेगळं आडनाव, आणि पहिल्यांदाच नंबर असलेलं स्वतःचं घर. मधे पाच महिन्यांचं अंतर. लग्नाबद्दल अवाक्षर नाही. अर्थातच नाही, थोरली लग्नाला हजर असणार, मग लिहील कशाला? अठराव्या कार्डाचा मजकूर असा: गादी पोचली का? दोरी चांगली आहे, ती परत पाठव. एवढं एकच कार्ड हाती आलं असतं तर मी ते वाचून बाजूला ठेवलं असतं.

आणि मग सातवं कार्ड. १९०८चा एप्रिल, पत्ता डॉक्टरच्या घराचा. हवा, कोंबडी, आणि शेवटी एक ओळ: त्या गोष्टीचं झालं, आता कुणी काही विचारणार नाही. एवढंच. आठव्या कार्डात पुन्हा चिमणी आणि बूट. त्या गोष्टीचा उल्लेख पुढच्या पंधरा कार्डांत नाही. कर्ज? कुणाशी मोडलेलं जमणं? हरवलेली वस्तू, चोरीचा आळ? मी सगळं करून पाहिलं आहे. रात्री झोप आली नाही की मी त्या ओळीत निरनिराळ्या गोष्टी घालून बघते. डॉक्टरच्या घरी ते कार्ड आधी मालकिणीच्या हाती पडलं असेल, तिनं वाचून मग आत दिलं असेल, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून "ती गोष्ट". उघड्या कार्डावर याहून जास्त मिळणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती.

गेल्या वर्षी तेविसावं मिळालं. भलतीकडून आलेल्या दोघांपैकी हे एक. चित्रात एक चर्च, काही विशेष नाही. उलटलं, आणि छातीत धस्स झालं. पत्ता नाही. तिकीट नाही, ते कापल्याची खूणही नाही. मधल्या रेघेला न जुमानता अख्खी पाठ त्याच "टी"च्या दांड्यांनी भरलेली. म्हणजे हे लिफाफ्यातून गेलं होतं. पोस्टमन नाही, मालकीण नाही, कुणी वाचणार नाही. इथे थोरली मोकळेपणी बोलली असणार.

मी भिंग आणलं. दिवा जवळ ओढला. नवऱ्याला टीव्ही बंद करायला लावला.

चिमणीवाला आला होता, काजळी खोलीभर उडाली. तपकिरी कोंबडी मेली, बाकीच्या बऱ्या आहेत. त्याला बूट आता बसतात. पुढच्या वेळी येशील तेव्हा पडद्याचं कापड आण, मापं खाली देते. मग मापं. मग चर्चमध्ये कोण दिसलं, कोण नाही. मग पुन्हा बूट. पार शेवटी जागा संपत आल्यामुळे बारीक अक्षरात, कडेला लागून: वाचून झालं की जाळून टाक.

मी ते चारदा वाचलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, कोंबडीमुळे असेल. मग म्हणाला, नाही, चर्चमध्ये कोण दिसलं नाही ते बघ. मग स्वतःच भिंग घेऊन बसला. टीव्ही पुन्हा लावला नाही.

कार्डाच्या कडा स्वच्छ आहेत. कुठे काळपट नाही, करपलेलं नाही. तारीख नसल्यामुळे त्याची जागा ठरत नाही. बूट बसतात म्हणजे शेवटाकडचं, पण तपकिरी कोंबडी सहाव्या कार्डात जिवंत आहे आणि नवव्यात तिचं नाव नाही. सध्या मी ते सातव्या आणि आठव्याच्या मधे ठेवलं आहे.